कोळ्यावरचा आळ

दसरा झाला की आमच्या घरात एक ठरलेली मोहीम निघते. माळ्यावरचा लांब बांबू खाली उतरतो, त्याच्या टोकाला जुनी केरसुणी घट्ट बांधली जाते, डोक्याला फडकी गुंडाळली जातात आणि छताच्या कानाकोपऱ्यांतून जळमटे निघू लागतात. आपल्या घरीही थोड्याफार फरकाने हेच होत असणार. चकलीच्या भाजणीचा वास आणि जळमटांची धूळ एकदमच नाकात शिरली की दिवाळी दाराशी आली असे खुशाल समजावे!

या मोहिमेतला शत्रू वर्षानुवर्षे एकच आहे. तो म्हणजे कोळी. त्याच्या बाजूने कुणी एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. आज मी त्याचे वकीलपत्र घेणार आहे. मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही. कॉलेजात मराठी शिकवते. पण या आरोपीला एकदा मी स्वतःच विनाचौकशी दोषी ठरवले होते आणि त्या निकालाची किंमत आमच्या घरातल्या एका माणसाला मोजावी लागली. तेव्हा हे वकीलपत्र म्हणजे थोडेसे प्रायश्चित्तही आहे.

गोष्ट २०२२ सालच्या सप्टेंबरातली. नवरात्र आठवड्यावर आले होते. माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा एकाहत्तर. वयाचा उल्लेख केलेला त्यांना खपत नाही. देवघराच्या कोपऱ्यातली जळमटे त्यांनी कुणाला न सांगता स्टुलावर चढून स्वतःच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाला आल्या तेव्हा उजव्या भुवईच्या वर लाल चट्टा उठला होता आणि त्यावर मोहरीएवढे चार-पाच फोड होते.

"अगं, बघ जरा काय झालंय ते. नुसती आग होतेय," त्या म्हणाल्या.

मी कॉलेजात जायच्या गडबडीत होते. जेमतेम मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "काल जळमटं काढलीत ना, आई? कोळी फिरला असेल अंगावरून."

झाले! निकाल लागला. शेजारच्या काकूंनी दुजोरा दिला, "कोळी मुतला की अस्संच होतं. दोन दिवसांत उतरेल." सहाणेवर चंदन उगाळले गेले, लेप लागला, आणि घर आपापल्या कामाला लागले.

चौथ्या दिवशी पापणी सुजून डोळा मिटला आणि नाकाच्या शेंड्यावर नवा फोड दिसला, तेव्हा आमची धावाधाव सुरू झाली. डॉक्टरांनी काही विचारण्याच्या आतच मी सांगून टाकले, "कोळी फिरलाय, डॉक्टर."

"कुणी पाहिला?"

"काय?"

"कोळी. कुणी पाहिला?"

कुणीच पाहिला नव्हता. मग त्यांनी सासूबाईंना विचारले, आग केव्हापासून होते आहे? त्या म्हणाल्या, "कपाळ तर फोड यायच्या दोन दिवस आधीपासूनच ठणकत होतं. मला वाटलं, डोकंच दुखतंय." दोन दिवस आधी! म्हणजे त्यांनी हातात केरसुणी धरली त्याच्याही आधी. कोळ्याच्या निर्दोषपणाचा पुरावा घरातच होता; तो विचारायचे मात्र मला सुचले नव्हते.

ती नागीण होती. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात, अशक्तपणात पुन्हा डोके वर काढतो. तो एका मज्जातंतूची वाट धरून येतो, म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्याने उठतात. कपाळाकडे आणि नाकाच्या शेंड्याकडे जाणारी वाट डोळ्याकडेही जाते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा गुण चांगला येतो. आमचे ७२ तास चंदनाच्या लेपाखाली निघून गेले होते.

नेत्रतज्ज्ञांनी शिकस्त केली. डोळा वाचला, पण बुबुळावर पुसटसा डाग राहिला. उजव्या डोळ्याने मलमलीच्या पडद्यातून पाहावे तसे दिसते, असे सासूबाई सांगतात. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

"कुणी पाहिला?" हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. कवितेचा अर्थ सांगणाऱ्या मुलांना मी रोज बजावते, "आधार दाखवा. कवितेत हे कुठे आहे?" आणि घरच्या माणसाच्या कपाळाचा अर्थ लावताना मी आधार शोधला नव्हता. जे डोळ्यांना रोज दिसते पण ज्याच्याकडे आपण कधी पाहत नाही, त्याच्यावर आळ घेणे फार सोपे असते. शेवटी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले आणि सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "रविवारी सकाळी साडेसहाला येतो. चहा ठेवा, आणि केरसुणी लपवून ठेवा."

घरातली मंडळी

आम्ही पुण्यातल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर राहतो. पुढे हातभर हिरवळ, कुंपणाशी कर्दळ, एक तुळस, एक कढीलिंब, थोडी शेवंती आणि कोपऱ्यात आंब्याचे झाड, एवढाच आमचा बागेचा पसारा. सर आले आणि बागेत न जाता आधी बैठकीच्या खोलीतच मान वर करून उभे राहिले.

"बाई, कोळी ओळखायचा तर आधी कोळ्याकडे पाहू नका," ते म्हणाले. "त्याचं घर पाहा. जाळं आहे का? असलं तर कसल्या आकाराचं? नसलं तर स्वारी दबा धरून कुठे बसलीय? मग बसण्याची ढब, मग पाय, आणि डोळे सगळ्यांत शेवटी."

मग त्यांनी प्राथमिक धडा दिला. कोळी हा कीटकांत मोडत नाही. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे भाग तीन, कोळ्याचे दोन. कोळ्याला पंख नसतात आणि मिशाही नसतात. जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींचा आकडा २०२२ साली ५०,००० च्या पुढे गेला. भारतात त्यांतल्या १,८०० हून अधिक आढळतात. आकडा ऐकून मी घाबरले. सर म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या घराबागेतली दहा ओळखता आली तरी पुष्कळ झालं."

पहिला मान छताच्या कोपऱ्यातल्याला. केसासारखे बारीक, लांबच लांब पाय, इवलेसे अंग, आणि विस्कटलेल्या जाळ्यात उलटे लटकणे. सरांनी जाळ्याला काडी लावली मात्र, तो स्वतःला इतक्या वेगाने हलवू लागला की नुसते धुके दिसावे. शत्रूला चकवायची ही त्याची युक्ती. मादी आपली अंडी पुरचुंडीसारखी तोंडात धरून हिंडते. दिवाळीत आपण काढतो ती बहुतेक जळमटे याच कुळाची. जुने जाळे सोडून तो शेजारी नवे घालतो आणि जुन्यावर धूळ व काजळी साचते. याचे विष जगात सर्वांत जहाल, पण दात आखूड म्हणून आपण वाचतो, अशी एक कथा सांगतात. तिला काही आधार नाही. डास आणि चिलटे खाऊन राहणारा हा निरुपद्रवी भाडेकरू आहे.

दुसरा खिडकीच्या चौकटीवर सापडला. पाऊण बोटाच्या पेराएवढा, आखूड पायांचा, अंगावर पट्टे. हा उडी मारणारा कोळी. तो जाळे विणत नाही. माशीवर मांजरासारखा टपून बसतो आणि झेप घेतो. झेप घेण्याआधी एक धागा मागे चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी पडायची भीती नाही. याला आठ डोळे आणि त्यांतले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. मी बोट पुढे केले तर तो वळून माझ्याकडे पाहू लागला. कोळी आपल्याकडे पाहतो, हे मला त्या दिवशी कळले! याच कुळातली एक नवी जात ठाणे परिसरात सापडली आणि २०२१ साली शास्त्रज्ञांनी तिला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. २००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात अतिरेक्याला जिवंत पकडताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे.

तिसरा पाहुणा रात्रीचा. न्हाणीघरात दिवा लावावा आणि भिंतीवर पसरलेल्या तळहाताएवढा तपकिरी कोळी सर्रकन दाराआड जावा, हा अनुभव घेतला नाही असे घर विरळा. याचे अंग चपटे असते, म्हणून तो फटीत सहज शिरतो. तोंडावर फिकट पट्टा असतो. मादी पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरून हिंडताना दिसते. ती तिच्या अंड्यांची पिशवी. हाही जाळे विणत नाही. तो झुरळांचा शिकारी आहे. ज्या भीतीने आपण त्याच्यावर चप्पल उगारतो, त्याच्या दसपट भीतीने तो पळत असतो.

बागेतली मंडळी

मग आम्ही बाहेर आलो. नुकते उजाडले होते. हिरवळीवर ठिकठिकाणी दव पडलेले रुमाल वाळत घातल्यासारखे दिसत होते. सरांनी वाकायला सांगितले तेव्हा कळले, ती जाळी होती. प्रत्येक रुमालाच्या एका कडेला नरसाळ्यासारखे बीळ आणि बिळाच्या तोंडाशी धनी बसलेला. किडा जाळ्यावर पडला की तो बाहेर धावतो आणि पकडून आत नेतो. याचेच भाऊबंद जाळ्याविना जमिनीवर धावून शिकार करतात. त्यांच्या माद्या अंड्यांची गोळी पाठीमागे लटकवून हिंडतात आणि पिल्ले निघाली की ती सगळी आईच्या पाठीवर चढून बसतात. रात्री विजेरीचा झोत टाकला तर त्यांचे डोळे गवतात हिऱ्यासारखे चमकतात.

कर्दळीच्या दोन दांड्यांमध्ये चाकासारखे गोल जाळे होते. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली आणि फुलीवर आठ पाय दोन-दोन जोडून बसलेली पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची कोळीण. हिला ‘सही करणारा कोळी’ म्हणतात, कारण ती आपल्या जाळ्यावर जणू सही ठोकते. ही सही कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. कुणी म्हणतात किडे आकर्षित करण्यासाठी. कुणी म्हणतात, उडत्या पाखराला जाळे दिसावे आणि त्याने ते मोडू नये म्हणून. शेजारीच एक चिमुकला तपकिरी कोळी दिसला. मला वाटले पिल्लू. सर म्हणाले, "यजमान आहेत ते!" या कुळात नर मादीपुढे अगदीच किरकोळ असतो.

व्हरांड्याच्या दिव्यापाशी मी रोज संध्याकाळी एक मोठे गोल जाळे पाहत असे आणि सकाळी ते नाहीसे झालेले असे. ते कोण मोडते, याचा मला उलगडा होत नव्हता. विणणाराच मोडतो! या जातीचे कोळी रात्री जाळे घालतात आणि पहाट होता होता ते गुंडाळून खाऊन टाकतात. त्याच ऐवजातून पुढचे रेशीम तयार होते. हे ऐकून मला मुंडकोपनिषदातला ऊर्णनाभाचा दृष्टांत आठवला. तो आपल्यातूनच तंतू काढतो आणि पुन्हा आपल्यातच घेतो, तसे हे विश्व त्या अक्षरातून निर्माण होते. ‘पुन्हा घेतो’ ही मी इतकी वर्षे कविकल्पना समजत होते. तो दृष्टांत देणाऱ्याने कोळ्याकडे नीट पाहिले असले पाहिजे, असे आता वाटते.

तुळशीवर पायांना काटेच काटे असलेला, टोकदार पोटाचा एक चपळ कोळी होता. तो पानांवरून मांजरासारखा उड्या घेत शिकार करतो. शेवंतीच्या फुलात खेकड्यासारखे पुढचे पाय पसरून एक पिवळा कोळी असा बसला होता की बोट लागेपर्यंत मला तो पाकळीच वाटला. हा फुलावर आलेली, आपल्याहून मोठी मधमाशीही धरतो. आंब्यावर तांबड्या मुंगळ्यांची रांग होती. सरांनी रांगेबाहेरच्या एका मुंगळ्याकडे बोट दाखवले, "पाय मोजा." मी मोजले, आठ भरले! मुंगळ्याचे सोंग घेतलेला कोळी होता तो. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून तो ऐटीत चालला होता.

या मंडळींचा थोरला नातेवाईक पाहायचा तर पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता सह्याद्रीत जावे. भीमाशंकर, माथेरान किंवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, कुठेही पायवाटेवर मीटरभर रुंदीचे सोनेरी झाक असलेले जाळे आडवे येते. त्यात बसलेल्या राक्षसी वनकोळ्याच्या मादीचे नुसते अंगच तीन ते पाच सेंटिमीटर भरते, पाय वेगळे. ती पाहून भले भले दचकतात. पण तिच्या जाळ्याला आपण होऊन हात घातल्याशिवाय तीही आपल्या वाटेला जात नाही.

त्या रविवारनंतर मी ग्रंथालयातून बी. के. टिकादर यांचे १९८७ सालचे ‘हँडबुक ऑफ इंडियन स्पायडर्स’ आणले. टिकादरांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात अनेक वर्षे काम केले आणि पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. महाराष्ट्र आणि म्हैसूर या राज्यांतल्या कोळ्यांवरचे त्यांचे लेखन १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आले होते. आपल्याच गावात बसून कुणी इतक्या आस्थेने कोळी पाहत होते, याची मला दादही नव्हती.

मग कोळी चावतो की नाही?

सरांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिले, "चावतो. पण तुम्हाला चावण्यात त्याला काडीचा रस नाही."

गोल जाळे घालणारे एक लहानसे कुळ सोडले तर जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते. त्या बिनविषारी कुळातले कोळी भक्ष्याला रेशमात आवळूनच मारतात. बाकीच्यांचे विष माशी, डास, झुरळ यांच्या मापाचे असते. बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत शिरण्याइतके मोठे नसतात. शिरले तरी विषाचा परिणाम नाममात्र. कोळी रक्त पीत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाकडे जायचे त्याला कारणच नाही. तो चावतो ते बहुधा चिमटीत, कपड्यात किंवा बुटात चिरडला जाऊ लागला तरच. सहीवाली कोळीण किंवा न्हाणीघरातला तो मोठा कोळी असा सापडला आणि चावला, तर मधमाशी किंवा गांधीलमाशी डसल्यासारखे दुखते, थोडे सुजते आणि उतरते.

ज्यांच्यापासून खरोखर जपावे असे कोळी आपल्याकडे थोडे आहेत. एक ‘ब्लॅक विडो’च्या कुळातला. याची तपकिरी जात भारतात असल्याची पहिली नोंद २००७ साली शास्त्रीय नियतकालिकात आली. हा अडगळीत, पालथ्या कुंड्यांखाली, दगडविटांच्या ढिगात विस्कळीत पण चिवट जाळे करतो. पोटाच्या खालच्या बाजूला डमरूच्या आकाराची लाल किंवा नारिंगी खूण ही त्याची ओळख. तपकिरी जातीच्या अंड्यांच्या गोल पिशवीला बारीक काटे असतात. या कुळातल्या जहाल जातींच्या दंशाने वेदना पसरत जातात, स्नायू आखडतात, घाम फुटतो. दुसरा, सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलींत राहणारा हाताच्या पंज्याएवढा केसाळ कोळी. त्याच्या दंशानेही स्नायूंत गोळे येतात. पण ढोलीत हात घातल्यावाचून त्याची गाठ पडत नाही. म्हणून जुन्या कुंड्या आणि विटा उचलताना हातमोजे घालावेत, बरेच दिवस पडून असलेले बूट झटकून पायात घालावेत. इतके केले की पुरे.

कोळी चावलाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी. चिरा देणे, चोखणे हे प्रकार करू नयेत. वेदना वाढू लागल्या, पोटात किंवा पाठीत गोळे आले, घाम सुटला, श्वास जड झाला, किंवा चावलेले माणूस लहान मूल असेल, तर वेळ न घालवता रुग्णालयात जावे. कोळ्याचे छायाचित्र काढता आले तर डॉक्टरांना मदत होते.

खरे गुन्हेगार

"मग अंगावर जे फोड उठतात ते कुणाचे?" मी विचारले.

सकाळी उठल्यावर ओळीने चार-सहा गांधी दिसल्या तर आधी गादीच्या शिवणी तपासाव्यात. ढेकूण निघण्याचा संभव पुष्कळ. एकाच बाजूला, पट्ट्याने, आधी ठणका आणि मागून फोड, असे झाले तर नागीण. आणि पावसाळ्यात व पावसाळा सरताना रात्री दिव्यावर येणारा एक इवला भुंगेरा तर यांतला पट्टीचा गुन्हेगार आहे. तो सेंटिमीटरभरही लांब नसतो. अंग सडपातळ, त्यावर नारिंगी आणि काळे पट्टे. पाहणाऱ्याला तो मुंगीच वाटतो. तो चावत नाही, डंखही करत नाही. पण मानेवर बसला म्हणून आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर फासला जातो. त्या वेळी काहीच वाटत नाही. दिवस-दीड दिवसाने चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठतो, फोड येतात. कोपराच्या घडीत रस लागला तर घडीच्या दोन्ही अंगांना सारखाच डाग, आरशात पाहावे तसा! तोवर भुंगेरा केव्हाच केरात गेलेला असतो, आणि छताकडे पाहावे तर कोळी बसलेला. आळ त्याच्यावर. हा भुंगेरा अंगावर दिसला तर फुंकरीने उडवावा आणि ती जागा लगेच साबणाने धुवावी.

पण कोळ्याच्या मुताची ही समजूत आली कुठून? इथे माझा विषय थोडा उपयोगी पडला. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ‘लूता’ म्हणजे कोळ्याचे १६ प्रकार सांगितले आहेत. विश्वामित्राने कामधेनू न्यायचा प्रयत्न केला तेव्हा वसिष्ठांच्या कपाळावरचा रागाचा घाम गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून या लूता जन्मल्या, अशी तिथे कथा आहे. ‘लून’ म्हणजे कापलेले, म्हणून ‘लूता’. लाळ, नखे, दाढा, मूत्र, विष्ठा अशा सात वाटांनी त्यांचे विष बाहेर पडते, असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे शेजारच्या काकूंचे वाक्य चांगले दोन हजार वर्षांच्या आसपास जुने आहे! त्या काळच्या वैद्यांनी फोड पाहिले, दाह पाहिला आणि हाताशी असलेल्या साधनांनी कारण शोधले. त्यांना विषाणू दिसणे शक्य नव्हते. आपल्याला त्याचे नाव-गाव ठाऊक आहे, त्यावर औषध आहे, तरी आपण त्यांचेच वाक्य म्हणत बसतो, हा दोष आपला.

आपली भाषा कोळ्याशी नेहमीच अशी कठोर वागलेली नाही. मासे धरणाऱ्याला आणि माश्या धरणाऱ्याला तिने एकच नाव दिले, कारण दोघांचाही संसार जाळ्यावर. कोकणात त्याला ‘कातीण’ म्हणतात. कातीण म्हणजे सूत कातणारी. गोल जाळ्यात ठसठशीत दिसणारा कोळी बहुधा मादीच असतो, हे लक्षात घेतले तर कोकणातला हा स्त्रीलिंगी शब्द शास्त्रालाही धरून आहे.

यंदाही आमच्याकडे बांबू खाली उतरला. छताची जळमटे निघाली. धूळ ती धूळच, तिची मी वकिली करत नाही. आतले आटोपून कामाच्या बाई केरसुणी घेऊन कर्दळीकडे वळल्या, तेव्हा व्हरांड्यातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, तिथे नको. तिचं राहू दे." हातात भिंग घेऊन, डावा डोळा बारीक करून त्या सकाळपासून त्या सहीकडे पाहत होत्या.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. नातवाच्या मानेवर लाल पट्टा उठला होता. "रात्री कोळी फिरला वाटतं," त्या म्हणाल्या. "जरा चंदनाची सहाण देता का?"

मी काही बोलणार इतक्यात सासूबाईंनी भिंग खाली ठेवले.

"कुणी पाहिला?" त्यांनी विचारले.

काकूंनी पाहिला नव्हता. त्या सहाण न घेताच नातवाला घेऊन तडक दवाखान्यात गेल्या.